लक्ष्मीखालची पट्टी

मित्रांनो, शेणव्याजवळच्या एका पाड्यावर, कुडाच्या भिंतीला खिळ्यावर लटकलेली मी एक जुनी तसबीर आहे. माझ्यावर कमळात बसलेली लक्ष्मी आहे. मी दिसायला देखणी आहे, ते मी कशाला नाकारू? त्या देखणेपणानंच तर घात केला.

माझा जन्म शिवकाशीचा. तिथं आम्ही हजारोंनी छापल्या जातो. वर देव आणि खाली चार बोटं कोरी पट्टी. गावोगावचे छापखाने त्या पट्टीवर कुणा किराणावाल्याचं, कुणा सराफाचं नाव छापून देतात. मी शहापूरच्या एका छापखान्यात येऊन पडले. १९९६ च्या जानेवारीत तिथं सापगावच्या उजेड मंडळाची माणसं आली. मंडळ मोतीबिंदूचं फुकट शिबिर भरवणार होतं आणि पाड्यांवर वाटायला त्यांना काहीतरी छापून हवं होतं.

छापखानेवाल्यानं दोन नमुने मांडले. एक पिवळं, पातळ हँडबिल. त्यावर एक भलामोठा डोळा आणि शेजारी जीप. दुसरी मी. मंडळाचे अध्यक्ष हरेशभाऊ मला पाहताच खूश झाले.

"हीच घ्या. हँडबिलात लोक भजी बांधतात. लक्ष्मीला कोण फेकणार नाय."

मंडळाच्या चंद्रकलाताई म्हणाल्या, "पण भाऊ, निम्म्या लोकांना वाचता येत नाय. डोळा बघितला तर विचारतील तरी, हा कसला कागद म्हणून."

"अहो ताई, देवीला बघतील ते खालचं पण बघतीलच ना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मीही मनातून फुगले. मग माझ्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलं गेलं, 'मोफत मोतीबिंदू शिबिर. रविवार, ११ फेब्रुवारी. शेणवा नाक्यावर सकाळी आठ वाजता जीप.'

बाजाराच्या दिवशी मंडळाच्या पोरांनी आम्हाला भराभरा वाटलं. तोंडानं कुणी काही सांगितलं नाही, कारण सगळं लिहिलेलंच होतं. मी बाईजाच्या टोपलीत पडले. बाईजाचा उजवा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता आणि डाव्यानं जवळचं तेवढं दिसत होतं. घरी येऊन तिनं मला नाकाजवळ धरलं आणि ती हरखून गेली. "केवढी साजरी माय गो!"

तिच्या मुलानं, कान्हानं, वाळवीनं खाल्लेल्या एका तसबिरीची चौकट मोकळी केली. मी चार बोटं लांब भरले. त्याची बायको माधुरी म्हणाली, "खाली कायतरी लिवलंय ओ."

"असंल कुना दुकानाचं नाव. पट्टीवर दुसरं काय असतंय?"

कान्हा चौथी शिकलेला होता. एक-एक अक्षर लावलं असतं, तर त्याला वाचता आलं असतं. पण आईच्या देवीला चौकटीत बसवायची त्याला घाई झाली होती. त्यानं विळ्यानं पट्टी कापली. पट्टीवर देव नव्हता, म्हणून ती चुलीत घालायला कुणाला काही वाटलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण कागदाला कसलं तोंड!

माधुरीला सहावा महिना होता. बाईजा रोज सांजेला माझ्यापुढं दिवा लावायची. "माये, येवढी नजर ऱ्हाऊ दे गो. नातवंडाचं त्वांड बघू दे, मग ने माझे डोले." तिचा नवस माझ्या काळजाला घरं पाडायचा. ती मागत होती ते माझ्याच अंगावर लिहून आलं होतं, आणि आता माझ्याकडं काही उरलं नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

अकरा तारीख उजाडली. नाक्यावर जीप येऊन उभी राहिली, तेव्हा बाईजा माझ्यापुढं झेंडूचं फूल ठेवत होती.

आठवड्यानं चंद्रकलाताई दारात आल्या. जीपमध्ये दोघंच चढले होते, म्हणून त्या घरोघर विचारत फिरत होत्या. मला बघून त्यांनी माझ्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. "आजी, ह्याच्याखाली लिवलं होतं गो सगळं. आठ घरं फिरले, आठी घरांत पट्टी कापलेली!"

कान्हा खाली मान घालून उभा राहिला. बाईजाच त्याची समजूत घालत म्हणाली, "नको रे लावून घेऊ. तू मायेसाठीच केलंस."

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शिबिर झालं. ताईंनी बाईजाला हाताला धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, मोतीबिंदू पिकून आतली नस गेली. नात तोवर रांगायला लागली होती; तिच्या जन्माआधीच बाईजाचा डावा डोळाही गेला होता.

मित्रांनो, चार लोकांना काही कळवायचं असेल, तर कागदाचं रूप बघून भुलू नका. तो कुणाच्या हाती पडणार आहे, ते आधी बघा. आणि कागद देताना दोन शब्द तोंडानंही सांगा. त्याला काय खर्च येतो?

आता ती नात, पूजा, बारा वर्षांची आहे. मला पुसायला ती खिळ्यावरून खाली उतरवते, तेव्हा बाईजा म्हणते, "दम गो, बस माझ्याजवल." मग ती पूजाच्या कपाळावरून, नाकावरून, गालांवरून बोटं फिरवते. तिनं नीट पाहिलेला शेवटचा चेहरा माझा. म्हणून ती हसून म्हणते, "तुझं त्वांड मला म्हाईत हाय. ह्या माईवानी हाय."

पूजा माझ्यासारखी मुळीच दिसत नाही. ती तिच्या आजीसारखी दिसते.