अन्वी काय म्हणाली

"अन्वी काय म्हणाली, मिसेस के?" वर्गाच्या बाई मिस डॉसननं इंग्रजीत विचारलं, आणि गालिच्यावर गोल करून बसलेली सव्वीस पोरं श्यामलाबाईंकडे बघू लागली.

अन्वीच्या मांडीवर कापडी कासव होतं. ज्याच्या हातात कासव त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, कुणी हसायचं नाही, असा त्या तासाचा नियम. मुलांना राग, भीती, दुःख ओळखायला आणि बोलून दाखवायला शिकवायचं, हे नवं काम सरकारनं नुकतंच शाळांच्या मागे लावलं होतं. श्यामला करंदीकर इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या या शाळेत नऊ वर्षं वर्गमदतनीस होत्या. आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून 'मिसेस के' झाल्या होत्या. लहानपणी रडू आलं की आपल्याला 'गप्प बस' एवढंच शिक्षण मिळालं, हे आठवून सुरुवातीला त्यांना या प्रकाराचं हसू यायचं. पण पोरं खरोखरच बोलायला लागली आणि त्यांचं हसू गेलं. आता त्या मंगळवारची वाट बघायच्या.

सहा वर्षांच्या अन्वीला पुण्याहून येऊन आठ महिने झाले होते. तिनं मराठीत बोलायचं आणि श्यामलाबाईंनी ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरलेलं. आजचा विषय होता, 'मला भीती कधी वाटते'.

अन्वी म्हणाली होती, "बाबा चिडला की आईला मारतो. मग आई बाथरूममध्ये जाते आणि कडी लावते. मी दाराबाहेर बसते."

श्यामलाबाई त्या बाबाला चांगल्या ओळखत होत्या. हा बाबा म्हणजे नंदू. मंडळाच्या गणपतीत खुर्च्या उचलण्यापासून आरतीपर्यंत सगळीकडे पुढे असणारा. जानेवारीत त्यांच्या मिस्टरांच्या छातीत दुखलं, तेव्हा त्यांना स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेणारा. तो आणि त्याची बायको शिल्पा श्यामलाबाईंच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे आणि तिचा व्हिसा नंदूच्या व्हिसाला बांधलेला. आपल्या माणसाच्या घरची लक्तरं वेशीवर टांगायची, तीही या लोकांपुढे?

"ती म्हणते," श्यामलाबाई इंग्रजीत म्हणाल्या, "बाबांना ऑफिसातून यायला उशीर झाला की तिला भीती वाटते."

"थँक यू, अन्वी. दॅट वॉज व्हेरी ब्रेव्ह."

अन्वीनं मान वर करून श्यामलाबाईंकडे पाहिलं. पोरीला इंग्रजी बोलता येत नसलं तरी सगळं समजायला लागलंय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी घाईघाईनं कासव पुढच्या मुलाकडे दिलं.

शाळा सुटल्यावर शिल्पा गेटपाशी थांबली होती.

"काकू, अन्वी क्लासमध्ये काही बोलते का हो?"

"छे गं. लाजरी आहे ती."

"बरंय." शिल्पानं अन्वीची बॅग खांद्याला लावली. "मी सांगून ठेवलंय तिला, घरातलं काही शाळेत बोलायचं नाही म्हणून."

तेव्हाच तिचा हात धरायला हवा होता. श्यामलाबाईंनी मनाशी ठरवलं, एकदा शिल्पाला चहाला बोलवू, बायकाबायकांत विषय काढू, शाळेपर्यंत कशाला न्यायचं? पण त्या चहाचा मुहूर्त काही लागला नाही. खरं सांगायचं तर त्यांनी तो लावलाच नाही. जमेल तेवढे दिवस त्यांनी शिल्पाला गेटवर टाळलं.

पुढच्या मंगळवारी कासव अन्वीकडे आलं. तिनं ते मांडीवरही ठेवलं नाही, तसंच पुढे दिलं. त्याच आठवड्यात शुक्रवारी, कोट अडकवतात त्या कोपऱ्यात श्यामलाबाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

"अन्वी, घरी कसं आहे गं? मला सांगशील?"

"तुम्हीच सांगा ना," अन्वी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मिसला सांगितलंत, तेच सांगा. ते चांगलं होतं."

श्यामलाबाई उठल्या. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पोरीला गप्प बसायला त्यांनीच शिकवलं होतं, तोंडानं तसं एकदाही न म्हणता. त्या तडक हेडबाईंच्या खोलीत गेल्या.

हेडबाई मिसेस प्रिचर्डनी सगळं ऐकलं आणि एक छापील कागद पुढे ओढला. "हे ती आज बोलली ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. कुणी पडताळून पाहणार नव्हतं.

"नाही. दहा दिवस झाले. वर्गात, सगळ्यांसमोर बोलली. मी मिस डॉसनना खोटं सांगितलं."

हेडबाईंनी ती तारीख लिहिली. मग त्यांनी मुलीचे नेमके शब्द विचारले. श्यामलाबाईंनी ती तीन वाक्यं आधी मराठीत म्हटली, मग इंग्रजीत, एकही शब्द न गाळता.

"सोशल सर्व्हिसेसना मी आत्ता फोन करते," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. "आणि तुमची चौकशी पूर्ण होईपर्यंत तुम्हाला घरी राहावं लागेल. आय ॲम सॉरी."

"माहीत आहे मला." श्यामलाबाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "तिच्याशी मराठीत कोण बोलेल?"

"फोनवर दुभाषी मिळते, कौन्सिलकडून."

श्यामलाबाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "त्या बाईंना सांगा, घाई करू नका. अन्वी वाक्याच्या मध्येच थांबते. तिचं बोलून झालं असं समजू नका."

मिसेस प्रिचर्डनी तेही लिहून घेतलं.