पाठीवरचा खो

दारू सोडून यज्ञेश्वरला शंभर दिवस झाले, तरी मोहोळच्या मैदानावर त्याला खो-खोत कुणी घेईना. "बेवड्याला खो दिला तर त्यो गुत्त्यावरच पळंल की!" पोरं खिदळायची.

एका टळटळीत दुपारी तो ओस मैदानात एकटाच उकिडवा बसला. कुणी खो दिला तर ठीक, नाहीतर उठून गुत्ता गाठायचा, असं ठरवूनच. तेवढ्यात पाठीवर थाप पडली. "खो!"

जुन्या सवयीनं तो सुसाट पळाला. खांबाला हात लावून वळला, तर मैदानात चिटपाखरू नव्हतं.

त्यानं सदरा काढून पाहिला. पाठीवर मातीचा पंजा उमटला होता, करंगळी वाकडी. खेळताना करंगळी मोडलेला स्वतःचा हात त्यानं त्यावर ठेवला. तंतोतंत बसला.

बायको दुर्गा तो सदरा अजून धूत नाही. खोटं वाटलं तर जाऊन बघा. यज्ञेश्वर गुत्त्यावर नव्हे, मैदानावरच भेटेल.