चार बोटांची फट

जुन्नरच्या जुन्या पेठेतल्या त्या गल्लीत घराला नुसता रंग द्यायचा म्हटला तरी आधी निळ्या पाटीकडं बघावं लागायचं. गल्लीच्या तोंडाशी एक दगडी घुमट, त्याच्यापुढं सरकारनं रोवलेली ती पाटी, आणि तिच्या आसपासच्या घरांनी आपली जुनी तोंडं बदलायची नाहीत असा कायदा. लाकडाचं लाकूडच राहिलं पाहिजे, मातीची मातीच. आता त्या मातीखाली माणसं राहतात आणि ती त्यांच्या ताटात गळते, हे घुमटाला कुठून कळणार? म्हणून गल्लीनं आपला एक रिवाज पाडून घेतला होता. आत हवं ते करायचं, आणि खात्याची गाडी येणार अशी कुणकुण लागली की दर्शनी बाजूला जुनं काहीबाही टांगायचं. कुणी माळ्यावरचं नक्षीचं दार उतरवायचा, कुणी नव्या टाइल्सवर पांढरी माती फासायचा, आणि गाडी गेली की पाइप लावून धुऊन टाकायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही.

वृषालीनं पुढची खोली नव्यानं बांधली ती मात्र हौसेनं नव्हे. तिची श्रेया जन्मापासून छातीनं अधू. जुन्या भिंतीतून दिवसभर माती झरायची, पावसाळ्यात तीच भिंत ओल धरायची, आणि पोरीच्या छातीत बारीक शिट्टी वाजत राहायची. पोर खेळताना मध्येच थांबून कठड्याला धरायची तेव्हा वृषालीचा जीव खालीवर व्हायचा. नारायणगावच्या डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं, की औषध मी देतो, पण भिंत तुम्हालाच बदलावी लागेल. तिचा नवरा आदेश अवसरीच्या कॉलेजात वर्कशॉपला होता. त्यानं सुट्टी टाकली, मातीची भिंत उतरवली, विटा-सिमेंटची उभी केली, खाली गुळगुळीत फरशी घातली आणि पुढं अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी बसवली, जिची काच सरकवून खटका दाबला की गल्लीतली धूळ गल्लीतच राहायची. त्या खोलीत निजायला लागल्यापासून श्रेयाचा खोकला निम्म्यावर आला. वृषाली रोज सकाळी देवाच्या आधी ती काच पुसायची.

आणि मग नोटीस आली. कुणीतरी तक्रार केली होती, म्हणे, या घराची भिंत आणि खिडकी नव्या सामानाची आहे. पाहणी होणार होती, आणि तसं निघालं तर पुढची बाजू उतरवून पूर्वीसारखी मातीची करावी लागणार होती. आदेशनं ते दोनदा वाचून दाखवलं. वृषालीच्या कानात तेवढीच शिट्टी वाजत राहिली.

आदेश तसा हिकमती माणूस. घराची मूळची सागवानी खिडकी त्यानं खोली पाडताना वारूळवाडीच्या सावळेराममामांना दिली होती, आणि मामांनी ती कांद्याच्या चाळीला बसवली होती. ती तो टेम्पोत घालून परत घेऊन आला. लोखंडी गज, आत उघडणाऱ्या दोन झडपा, वर चाळीपाशी बांधलेल्या शेळ्यांनी अंग घासून घासून आणलेली चकाकी. ती त्यानं बाहेरच्या अंगानं स्लायडिंगवर स्क्रूनं ठोकून दिली आणि सिमेंटवर पांढऱ्या मातीचा हात फिरवला. लाकूड आणि काच यांच्यामध्ये जेमतेम चार बोटांची फट उरली. झडपा आता उघडायच्या म्हटल्या तरी उघडणार नव्हत्या, कारण पाठीशी काच. आतून बघितलं तर काचेमागं त्यांची मळकट पाठ तेवढी दिसायची, आणि गल्लीतून बघितलं तर घर असं जुनं दिसायचं की वृषालीला क्षणभर वाटलं, आपण इथं काही बदललंच नव्हतं. तिला ते आवडलं नाही. पण चार दिवसांचा तर प्रश्न, म्हणून तिनं चालवून घेतलं.

पाहणीवाले सांगितल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आले. आदेश कामावर, वृषाली श्रेयाला घेऊन नारायणगावला डॉक्टरांकडं, दाराला कुलूप. दुपारी ती जीपमधून उतरून गल्लीत शिरली तर समोरच्या ओट्यावर दादाभाऊ सुपारी कातरत बसलेले. गल्लीतलं सगळ्यात जुनं माणूस, आणि सगळ्यात चौकस. खात्याची गाडी येऊन गेली असं त्यांनी सांगितलं तशी तिनं कपाळावर हात मारला. घर बंद बघून साहेबांनी माती खरवडून बघितली असणार, स्क्रू दिसले असणार, संपलं सगळं.

दादाभाऊंनी अडकित्ता खाली ठेवला.

"आगं, आसं काय करतीस? तूच तर बोललीस की त्यांच्याशी."

"मी? मी आत्ता येतेय, दादाभाऊ. जीपनं."

"मंग खिडकीत कोण व्हतं? झडपा सताड उघड्या, तू गजांना धरून बसल्याली. पदर तोंडावर. लई खोकत व्हतीस, म्हून म्या म्हनलं, पोरीचा खोकला आईला लागला काय."

वृषालीनं मागं वळून खिडकीकडं पाहिलं. झडपा घट्ट मिटलेल्या होत्या. तिनं कुलूप काढलं, आत जाऊन काच पाहिली. खटका लागलेला होता, जसा तिनं सकाळी लावला होता तसा. दादाभाऊंची नजर आताशा कमी झालीय, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि आदेशलाही तेच सांगितलं. तो हसला. म्हाताऱ्याला भर दुपारी डुलकी लागली असेल, म्हणाला. हसून झाल्यावर मात्र त्यानं जाऊन बाहेरचे स्क्रू पुन्हा एकदा आवळले.

आठवडा गेला, पुढचा गेला, आणि कुणी काही विचारायला आलं नाही. एका सकाळी वृषाली ओटा झाडत होती तेव्हा घुमटाकडून एक तरुण साहेब चालत आले, तिला पाहून थांबले, आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागले.

"आता बरं आहे ना? त्या दिवशी बोलताना तुम्हाला फार धाप लागत होती."

वृषालीनं मान हलवली. दुसरं काय करणार?

"तुमच्या घराविरुद्धची तक्रार निकालात काढली आम्ही. घरात काहीच बदललेलं नाही. तुमच्या मागची भिंत मीच पाहिली ना, ओलीनं पार फुगलीय. आत येऊन नीट बघतो म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, मला उघडता येत नाही." ते जरासे घुटमळले. "कुणी बाहेरून कुलूप लावून जातं का तुम्हाला?"

"नाही, साहेब," वृषाली म्हणाली. "कुणी नाही."

त्यांनी खिडकीकडं एकवार पाहिलं. एवढी छान खिडकी आहे, ती मात्र काढू नका, असं बजावून ते गेले. वृषाली झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. अंगावर काटा आला होता हे खरं, पण त्या काट्याच्याही खालून असा काही आनंद वर येत होता की तिला तिथंच ओट्यावर बसावं लागलं. भिंत राहणार होती. फरशी राहणार होती. पोर श्वास घेणार होती. बाकीचं जे असेल ते असो, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि त्या दिवशी चक्क गुळाच्या पोळ्या केल्या.

आणि खरोखरच श्रेयाचा उरलासुरला खोकलाही गेला. कधी गेला म्हणून मागं जाऊन पाहिलं तर खिडकी ठोकली त्याच सुमाराला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि श्वासाचा पंप आता कपाटात ठेवून द्या म्हणाले. पोर गल्लीतून घुमटापर्यंत धावत जायला लागली. दादाभाऊ ओट्यावरून ओरडायचे, आगं पडशील, आणि ती परत धावत यायची, तोंड मिटून, नुसत्या नाकानं श्वास घेत. वृषालीला ते बघून रडू यायचं.

एका दुपारी ती मागच्या पडवीत गहू निवडत होती आणि पुढच्या खोलीतून खोकला ऐकू आला. तोच खोकला. आधी कोरडी उबळ, मग ओढून घेतलेला श्वास, मग शिट्टी. सूप तिथंच टाकून, कपाटातला पंप घेऊन ती धावली.

श्रेया पलंगावर गाढ झोपली होती. छाती संथ वरखाली होत होती, ओठ मिटलेले.

खोकला काचेमागून येत होता.

वृषाली खिडकीपाशी गेली. काचेमागं झडपांची मळकट पाठ, आणि मधल्या चार बोटांच्या अंधारात काहीच नव्हतं. मग तिच्या तोंडासमोर काच हळूच धुरकटली. तिनं स्वतःचा श्वास रोखून धरला. काच निवळली, पुन्हा धुरकटली. पलीकडून कुणीतरी काचेची कड चाचपत होतं, खटका लागलेल्या जागेपाशी येऊन थांबत होतं, जोरानं नव्हे, अगदी अजिजीनं.

हात खटक्याकडं गेला होता तिचा. खोटं कशाला सांगा, दोन बोटं त्याच्यावर टेकली होती. तिच्या हातात पंप होता आणि पलीकडच्या त्या शिट्टीचा अर्थ या गल्लीत तिच्याइतका कुणाला कळत नव्हता. तिनं वळून पलंगाकडं पाहिलं. श्रेयानं झोपेतच कूस बदलली, एक लांब, मोकळा श्वास घेतला.

वृषालीनं खटका दाबून बघितला, घट्ट होता. मग तिनं आदेशला फोन लावला, आणि येताना सिलिकॉनची नळी घेऊन ये म्हणाली, खिडकीतून धूळ येतेय.

संध्याकाळी आदेशनं काचेच्या चारी बाजूंनी सिलिकॉन भरलं, बोटानं सारखं केलं, आणि आता ही खिडकी उघडणार नाही बरं का, असं म्हणून हात धुवायला गेला. खोलीत कसलाही आवाज राहिला नाही. वृषाली पलंगाच्या कडेला बसली, कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले, आणि तिनं झोपाळलेल्या श्रेयाला कुशीत ओढून घेतलं.

समोर काच धुरकटली. मग पलीकडून एका तळव्यानं ती हळूहळू पुसली, आत नीट दिसावं म्हणून.