मधली ओळ

ह्यांच्या आत्याबाईंचे वरचे सगळे दात काढायचे ठरले, त्याच आठवड्यात ह्यांनी त्यांचा कॉम्प्युटर बदलायचं ठरवलं. दोन्ही गोष्टी त्यांच्या भल्यासाठीच होत्या. फरक इतकाच, की दातांच्या डॉक्टरांनी आधी त्यांना विचारलं होतं.

आत्याबाई आमच्याकडेच, मागच्या खोलीत राहतात. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानावर हेडफोन, समोर भोकांची पाटी, दोन्ही हातांत तारा. इकडची तिकडे जोडायची, बोलणं संपलं की काढायची. निवृत्त झाल्यावर आवाज तेवढा शिल्लक राहिला. असा आवाज, की नुसतं "थांबा हं" म्हणाल्या तरी माणूस थांबतो.

आमच्या पुढच्या गल्लीत एक गृहस्थ वेताच्या खुर्च्या विणतात. त्यांना दिसत नाही. नाव आहे त्यांना, पण घरात आम्ही त्यांना खुर्चीवालेच म्हणतो. एकदा आत्याबाई खुर्ची दुरुस्तीला घेऊन गेल्या, तेव्हा ते बोलता बोलता म्हणाले, "हात कामात असतात हो, कान मोकळेच असतात दिवसभर. त्यांना काही खायला मिळत नाही." एवढंच. आत्याबाई घरी आल्या, कपाटातून एक जाडजूड रहस्यकथा काढली, मागच्या खोलीचं दार लावलं आणि कॉम्प्युटरसमोर बसून मोठ्यानं वाचायला लागल्या.

तेव्हापासून रोज दुपारी एक भाग वाचायचा, रेकॉर्ड करायचा आणि एक भाग खुर्चीवाल्यांच्या फोनवर पाठवायचा. ताप असो, पाहुणे असोत. मलाही एक नेम आहे, तो इथे सांगायचं कारण नाही. पण नेम म्हणजे काय ते मला कळतं. देवापुढे बसून केला तरच तो नेम असं मला कधी वाटलं नाही.

त्यांची कामाची पद्धत त्यांचीच होती. फायलींना नावं देणं त्यांना कधी कुणी शिकवलं नाही आणि त्यांचं अडलंही नाही. कॉम्प्युटर आपणहून "नवीन रेकॉर्डिंग" म्हणायचा आणि पुढे आकडा टाकायचा. खोकला आला, जीभ अडखळली, तर तो भाग पुन्हा वाचायचा आणि फसलेला सवडीनं पुसून टाकायचा. मग रिकामा झालेला आकडा कॉम्प्युटर दुसऱ्याच भागाला देऊन मोकळा. म्हणून आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास जागेवर होता. पडद्यावर त्यांनी एक्स्चेंजच्या पाटीसारख्या तीन ओळी लावल्या होत्या. वरच्या ओळीत पुन्हा वाचायचे भाग, मधल्या ओळीत वाचून तयार, पाठवायचे राहिलेले, खालच्या ओळीत पाठवून झालेले. भाग गेला की तो बोटानं धरल्यासारखा माउसनं धरून खाली आणायच्या. म्हणायच्या, "मधली ओळ म्हणजे लाइनवर थांबलेली माणसं. त्यांना विसरायचं नाही."

दात जायचे म्हटल्यावर त्यांनी कंबर कसली. हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत आवाज बोबडा होणार, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. "अर्धं पुस्तक एका बाईनं वाचलं आणि अर्धं दुसरीनं, असं नको व्हायला," म्हणाल्या, आणि घसा बसेपर्यंत वाचून उरलेली गोष्ट त्यांनी शेवटापर्यंत रेकॉर्ड करून ठेवली. मधली ओळ डावीकडून उजवीकडे गच्च भरली. रोज डावीकडचा एक भाग सोडायचा, की झालं.

मग मी त्यांना दाताच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि हे घरी राहिले.

परत आलो तेव्हा आत्याबाईंच्या तोंडात कापसाचे बोळे होते आणि ह्यांच्या चेहऱ्यावर वाढदिवसाचा आनंद.

"आत्या, डोळे मिट. आता उघड!"

पडद्यावर कुठल्याशा निळ्या डोंगरांचं चित्र होतं. डोंगरावर काही नव्हतं. तिन्ही ओळी गेल्या होत्या.

"नवीन सिस्टिम टाकली. जुनी आता बंदच पडणार होती. बघ कसं स्वच्छ झालंय! काय तो पसारा होता तुझा. सगळा एका फोल्डरमध्ये टाकलाय."

फोल्डरचं नाव ह्यांनी ठेवलं होतं, "आत्याचं सामान". उघडला तर सगळे भाग, पाठवलेले, न पाठवलेले, फसलेले, एकाखाली एक, आकड्यांप्रमाणे उभे. नकलून घेताना सगळ्यांवर तारीखही त्या दिवसाचीच पडली होती.

आत्याबाईंनी बोट वर केलं. त्यांना काही सांगायचं होतं. बोळ्यांमुळे नुसतं "अं, अं" आलं.

"घाबरू नकोस, एकही फाईल गेलेली नाही. आणि पाठवणं तर आता इतकं सोपं झालंय! सरक जरा."

हे "सरक जरा" मी ह्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे. ह्यांची नोकरीच कचेऱ्यांतल्या लोकांना नवे कॉम्प्युटर शिकवण्याची. आत्याबाई म्हणूनच ह्यांना मास्तर म्हणतात. पुष्कळ माणसं शिकवली म्हणे ह्यांनी. शिकवताना खुर्चीवर कोण बसलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

आत्याबाई सरकल्या. ह्यांनी माउस घेतला. "ही बघ, पहिली फाईल. हिच्यावर असं. मग असं. मग खुर्चीवाल्यांचं नाव. आणि... गेली!"

टक टक टक. माशी हाकलावी इतक्या वेळात.

आत्याबाईंनी बोळे काढून हातात घेतले. "कुठली गेली?"

"पहिली."

"लाव."

ह्यांनी लावली. खोलीत आत्याबाईंचा सगळ्या दातांचा, स्वच्छ, खणखणीत आवाज भरला. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दीपगृहाच्या दिव्याच्या खोलीत बोलावलं आणि तो म्हणाला, की खुनी ह्याच खोलीत आहे.

"शेवटचा भाग आहे हा," आत्याबाई म्हणाल्या.

"असू दे ना, त्यात काय! दुसरी पाठवू. हातासरशी."

त्यात काय. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. माणूस महिनोन्‌महिने एक एक घास पुरवून गोष्ट ऐकतो, आज ह्याच्यावर संशय, उद्या त्याच्यावर, वेत ओढता ओढता मनाशी खल करतो. आणि ह्यांनी शिकवण्याच्या भरात त्याच्या तोंडावर ताट उपडं केलं. परत वर, त्यात काय! मी आवाज चढवत नाही. पण त्या दिवशी हातातली वाटी जरा जोरातच ठेवली गेली.

हे मागोमाग आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुला सांगतो, तिला ह्या वयात नाही झेपायचं हे. एक टॅबलेट घेऊन देऊ. गाणी ऐकेल, व्हिडिओ बघेल, वेळ जाईल तिचा."

"त्यांचा वेळ जात नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तसं नाही गं..."

मागे आत्याबाई उभ्या होत्या. जन्मभर लाइनवरची बोलणी ऐकलेला कान; भिंतीपलीकडचं ऐकू येणारच. "खरं आहे मास्तरचं," त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. "मला आता तिथलं काही सापडत नाही. कुणाला काय जोडून बसेन. खुर्चीवाल्यांना सांग, दुसरं कुणी बघा म्हणावं वाचायला."

आणि जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुखत होतं म्हणून नव्हे. दाताचं दुखणं त्यांनी दवाखान्यातून येताना हसून सांगितलं होतं.

तासाभरानं त्यांचा फोन वाजला. मी उचलला आणि त्यांच्या खुणेवरून स्पीकर लावला.

"ऑपरेटरबाई आहेत का? हे काय केलंत हो?" खुर्चीवाले मोठ्यानं बोलत नव्हते, पण थांबतही नव्हते. "माझे हात वेतात अडकलेले. विणता विणता सोडता येत नाही, सैल पडतं सगळं. मला वाटलं, बाईंनी पाठवलंय म्हणजे पुढचंच असणार. ऐकत गेलो. शेवटी तिनं खून केला हे ऐकलं तेव्हा हातातली काडी मोडली माझी! मी त्या बिचाऱ्या डॉक्टरवर डोळा ठेवून बसलो होतो इतके महिने!"

खून कुणी केला ते मी इथेही सांगत नाही. घरात एकदा पाप झालं ते पुरे.

आत्याबाई उठून बसल्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, पाठ ताठ केली आणि दात नसतानाही तो जुना आवाज काढला, "लाइनवर राहा. जोडून देते."

आणि फोन ह्यांच्यापुढे धरला.

"मी? मी काय बोलू?"

"जे केलंस ते. मास्तर आहेस ना? समजावून सांग त्यांना, सोप्पं करून."

ह्यांनी आधी सिस्टिम, मग अपडेट, मग फोल्डर असं बरंच सांगून पाहिलं. पलीकडून खुर्चीवाले म्हणाले, "म्हणजे तुम्ही बाईंच्या पाटीवरच्या तारा उपटल्यात, आणि हाताला लागली ती मला जोडलीत."

"...हो."

"मग तसं म्हणा ना."

"चुकलं माझं," हे म्हणाले. लग्न झाल्यापासून हे दोन शब्द मी ह्यांच्या तोंडून एवढे स्पष्ट ऐकले नव्हते.

"आता शेवट कळला तो कळला. पण ती त्या जिन्यावरून खाली आली कशी, हे मला अजून कळलेलं नाही. मधलं पाठवा. ओळीनं पाठवा. आणि बाईंनीच पाठवायचं. तुम्ही नको."

फोन बंद झाला. आत्याबाई म्हणाल्या, "ओळीनं कसं पाठवू? ओळच ठेवली नाही ह्यानं."

"मी सगळ्या फायलींना नंबर घालून देतो ना," हे लगबगीनं म्हणाले. "नीट, पद्धतशीर..."

मी विचारलं, "त्यांनी ठेवल्या तिथे राहू शकत नाहीत का त्या? डोंगरावर?"

"राहतात की. कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं आपोआप नीट लावून घेतो ना, त्यासमोरची तेवढी एक टिक काढायची."

"एक टिक?"

"एकच."

"हे तुम्हाला सकाळी माहीत होतं?"

"माहीत होतं गं. पण तसं कुणी वापरत नाही."

आता मात्र मी भांडी घासायला गेले नाही. तिथेच उभी राहिले. "कुणी म्हणजे कोण हो? ह्या समोर बसल्यात, ह्या वापरतात. ह्यांचा कॉम्प्युटर, ह्यांचा आवाज, ह्यांचा नेम. जगातलं दुसरं कुणी कसं वापरतं ते ह्यांच्या डोक्यावर का आदळायचं? तुम्ही ह्यांना नवीन शिकवायला आलात की ह्यांचं आहे ते पुसायला?"

हळूच बोलले होते मी. पण हे एक पाऊल मागे सरकले.

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ऐकलंस ना? काढ ती टिक. तू नको, मी काढते. कुठे आहे ते दाखव. तोंडानं."

मग आत्याबाई खुर्चीवर बसल्या आणि हे बाजूच्या वेताच्या स्टुलावर. एकेक भाग लावायचा, चार वाक्यं ऐकायची, आणि आत्याबाई सांगायच्या, "हा गेलेला, खाली." "हा जिन्याचा, मधे." "ह्यात शिंकले मी, वर." माउस त्यांच्या हातात, चुकला, घसरला, भाग भलतीकडे पडला, पुन्हा धरला. निळ्या डोंगरांवर हळूहळू तीन ओळी उभ्या राहिल्या. दोनदा ह्यांचा हात आपसूक पुढे आला. दोनदा आत्याबाईंनी त्यावर चापट मारली. "लाइन बिझी आहे."

मधली ओळ भरली तेव्हा त्यांनी डावीकडचा पहिला भाग धरला. पाठवायची नवी जागा त्यांना सापडेना. हे सांगत होते, "वर... अजून वर... उजवीकडे," आणि हात मांड्यांखाली दाबून बसले होते. बऱ्याच वेळानं भाग गेला. आत्याबाईंनी तो खालच्या ओळीत आणून ठेवला, सरळ केला, पुन्हा जरा सरळ केला.

हे सुटल्यासारखे उठायला गेले, तर स्टुलाचा वेत कडकन तुटून खाली लोंबला.

"उद्या हे स्टूल खुर्चीवाल्यांकडे तूच घेऊन जा," आत्याबाई म्हणाल्या. "ते विणून देतील तोवर तिथेच बस. आणि मधे बोलू नकोस. ते ऐकत असतात."