नपलजारीवरचा पडदा

“माणूस गेलं की त्याचं नाव झोपवायचं, बाई. पाळण्यातल्या लेकरासारखं. जवळून जाताना पाय वाजवायचे नाहीत.”

मी ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्सला आले त्या आठवड्यात जपंगर्डी कुळाच्या एका म्हाताऱ्यानं हे सांगितलं होतं. वाळूवरून पाचोळा सरकावा तसा त्याचा आवाज. अकरा वर्षं झाली, तो कानातून गेला नाही.

इथल्या मूळनिवासींच्या आमच्या भाषा केंद्रातली टिपणंही हा नेम पाळतात. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी, गाणी, पाणवठ्यांच्या वाटा, सगळं साध्या मजकुरात टिपलेलं. एखाद्याचं कुणी गेलं की घरचे येतात, आणि केंद्रात माझ्यासोबत काम करणारी, इथलीच लोर्ना संगणकातल्या पडद्याच्या यादीत ते नाव झाकणारा एक साचा लिहिते. ज्या टिपणाशी तो साचा जुळेल ते शोधात दिसत नाही. ती यादी फक्त लोर्ना उघडते, कारण तिच्यात गेलेल्यांची नावं आहेत. झाकलेलं टिपण थेट उघडून वाचायचं नाही, हा माझा शब्द.

सोमवारी लोर्नाच माझ्यासमोर येऊन बसली.

“धाकटे, आईचं काढ. तिच्या जन्मजागेचं सांगितलेलं. बर्नाडेटला ऐकायचंय.”

बर्नाडेट म्हणजे लोर्नाची थोरली बहीण. सात वर्षं आठवड्यातून तीनदा रक्त धुणाऱ्या यंत्राला जोडलेली. आता तिनं ठरवलं होतं, पुरे. शुक्रवारच्या बसनं गावी जायचं आणि परत यायचं नाही. गावी यंत्र नव्हतं.

“आईचं नाव यादीतून काढलंस?” मी विचारलं.

“तू शोध ना,” म्हणून ती चहा करायला उठली.

मी शोधलं. ‘जन्म’, ‘पाणवठा’, ‘लाल टेकडी’, ‘बाभळीचं बी’. दुसऱ्यांच्या गोष्टी येत होत्या, तिची येत नव्हती. शोधाचा साचा सैल केला, घट्ट केला, उलटा लावला. मंगळवार गेला. खिडकीतला कूलर ओल्या गवताचा वास सोडत कण्हत राहिला. मानेत गोळा आला, डोळ्यांत वाळू.

“तुझं यंत्र माझ्या नवऱ्यासारखं गं,” लोर्ना म्हणाली. “विचारलं की गप्प.”

“नवऱ्याला निदान जेवायला तरी हाक मारता येते. लोर्ना, तिचं नाव सांगितलंस तर...”

ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर कोरडी नदी आणि निलगिरीखाली झोपलेलं कुत्रं. मी येण्याच्या आदल्या वर्षी म्हातारी गेली. मी तिचं नाव कधी ऐकलंच नव्हतं. सगळे कुमंजई म्हणत. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला इथं हेच म्हणतात.

बुधवारी बर्नाडेटचा फोन आला. “काय गं, तुमच्या पेटीला गंज चढला का? मला घाई आहे, पेटीला सांग.” मग हसली. हसताना तिला धाप लागली.

गुरुवारी सकाळी थकून मी भलतंच केलं. इथं प्रत्येक बाईला आठांपैकी एक कुळनाव असतं, आईचं वेगळं, लेकीचं वेगळं. मलाही त्यांनी लोर्नाचंच, नपुरुला, देऊन बहीण करून घेतलंय. मी आठ कुळनावांनी आठ खोटी टिपणं लिहिली. ‘नंगाला घरी आली.’ ‘नकमारा घरी आली.’ आणि ‘घरी आली’ एवढंच शोधलं.

सात आल्या. नपलजारी आली नाही.

पुन्हा केलं. पुन्हा सातच. एका बाईवर नाही, या नावाच्या सगळ्या बायकांवर पडदा होता. जिवंत, बोलत्या, दुकानात भेटणाऱ्या बायकांवरही. इतकी वर्षं आठवा हिस्सा मुका होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मी लोर्नाला आलेल्या सात ओळी दाखवल्या. मग तिनं यादी उघडली, मला पाठमोरं बसवून.

“आहे,” ती म्हणाली. “आधी काहीही, मध्ये नपलजारी, नंतर काहीही. मीच लिहिलंय. ती गेली त्या आठवड्यात. हात चालेना धाकटे, नाव उमटेना. कुळनाव लिहिलं नि बटण दाबलं.”

“मग ती ओळ पुसून टाक.”

“कशी पुसू? त्यानंतर आणखी तीन नपलजारी गेल्या. त्यांचे लोक आले तेव्हा पाहिलं, आधीच झाकलेलं होतं. मी वेगळं काही लिहिलं नाही. ओळ पुसली तर त्या तिघी उघड्या पडतील.”

“तर मग वरती एक ओळ घालायची. एवढं एकच नाव असेल तर दाखव, बाकी झाकलेलं राहू दे. पण ते नाव मला लिहावं लागेल. नाहीतर तू लिही.”

तिनं कळफलकावर बोटं ठेवली. उचलली. परत ठेवली.

“हात अजून चालत नाही गं.”

“राहू दे. मीही नपुरुला आहे. माझीही आईच ना ती? तू सांग, मी लिहिते.”

दुपारचे तीन वाजून गेले होते. बस उद्या सकाळी आठला. लोर्नानं खुर्ची माझ्याजवळ ओढली, अगदी खांद्याला खांदा लागेपर्यंत. तोंड माझ्या कानाशी आणलं.

“आयव्ही,” ती म्हणाली. मग थोडं मोठ्यानं, “आयव्ही नपलजारी. माझी आई.”