काढ्यावरचा फेस

मी मुळातच उतावळी. दूध तापेपर्यंत धीर निघत नाही म्हणून कोरा चहा पिणारी. अशा बाईने उंदरांच्या रक्ताची वाट बघत बसायची नोकरी धरली, यावर घरचे अजून हसतात.

आमच्या प्रयोगशाळेत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आणणाऱ्या विषाणूवरच्या लशीचं काम चालतं. लस चांगली आहे, पण सगळ्या मुलींना पुरत नाही. म्हणून मी अशी वनस्पती शोधत होते, जिचा अर्क चिमूटभर मिसळला की पाव डोसही पुऱ्या डोसाचं काम करेल. याच कॅन्सरने माझी आई गेली, त्यामुळे मला हे नुसतं काम नव्हतं.

बरीच झाडं नापास झाल्यावर मी मावशीकडची खोकल्याच्या काढ्याची बाटली उचलून आणली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती झाडपाल्याची औषधं देते आणि हा काढा कुंपणावरच्या एका झाडाच्या सालीचा करते. त्याचा अर्क शुद्ध करून लशीच्या पाव डोसाबरोबर उंदरांना दिला, मग त्यांचं रक्त तपासणीच्या प्लेटमध्ये घातलं. रंग जितका पिवळा, तितकी लस अंगी लागली असं समजायचं. प्लेट अशी पिवळीधमक झाली की मी खुर्चीतून उठून नाचलेच. आमच्या मुख्य बाईंना आम्ही पाठीमागे बर्फबाई म्हणतो. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पुन्हा करा."

मावशीला हे सांगितलं तर तिचे पाय जमिनीवर ठरेनात. दुसरी बाटली ती स्वतः घेऊन आली, झाकणावर स्वच्छ फडकं बांधून. आणि ती बाटली सपशेल आपटली. प्लेट पाण्यासारखी कोरी. बर्फबाई म्हणाल्या, पहिला निकाल चुकून आला असेल, आणखी एकदा बघू आणि नाही जमलं तर हे झाड सोडून देऊ.

सुट्टीच्या दिवशी मी मावशीच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. म्हटलं, तू कर, मी बघते. तिने साल निवडली, कुटली, उकळायला ठेवली. काढ्यावर फेस चढला तसा तिने तो झाऱ्याने उचलून सिंकमध्ये टाकला. पुन्हा चढला, पुन्हा टाकला. तिथली तेलकट कढई त्या फेसाने लख्ख झाली होती.

हे दर वेळी करतेस का, मी विचारलं. छे, ती म्हणाली, घरच्या खोकल्याला कोण एवढं करत बसतं. पण तुझ्या मोठ्या लोकांकडे पाठवायचा तर मळी काढायला नको का?

मी झारा तिच्या हातातून ओढूनच घेतला. झाडातले साबणासारखा फेस देणारे पदार्थ लशीला जोर देतात, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली बाई. आणि तोच ऐवज मावशी आमचा मान राखायला सिंकमध्ये सोडत होती! मला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. त्या दिवशी आम्ही दोन काढे केले, एक फेसासकट आणि एक फेस काढून. दोन्ही बरण्या मांडीवर घेऊन मी बसने परतले.

उंदरांना टोचलं. मधल्या आठवड्यांत मी घरच्यांना जीव नकोसा केला.

प्लेटच्या दिवशी मावशीलाही बोलावलं. ती काचेपलीकडे उभी राहिली. शेवटचा थेंब पडला आणि वरची ओळ पिवळी होऊ लागली, मग गडद पिवळी. खालची कोरीच राहिली. वरची फेसासकटची होती. मी बाहेर धावत जाऊन मावशीला मिठी मारली.

मावशी हसत नव्हती. तिने मला जिन्याजवळ नेलं.

"ताईला काढा द्यायचे ना मी," ती म्हणाली, "तोही फेस काढून. अगदी मन लावून काढायचे गं. राहू दिला असता तर?"

इतकी वर्षं ओळखते मी हिला, आणि हिच्या मनात हे चाललंय याचा मला पत्ता नव्हता. उतावळेपणाने काहीतरी गोड बोलून टाकावंसं वाटलं. पण ती खरं तेच मागत होती.

"नाही मावशी. नुसत्या फेसाने काही होत नाही. तो लशीच्या जोडीला लागतो, आणि ही लस आजार व्हायच्या आधी, लहान वयात घ्यायची असते. आई लहान होती तेव्हा ती लस जगात कुठेच नव्हती. तुझ्या हातून काही राहिलं नाही."

"खरं?"

"आईशपथ."

तिचा जीव भांड्यात पडला तो मला तिच्या खांद्यांवरून कळला. मग ती रडली, आणि मीही.

दार उघडून बर्फबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, हे अजून उंदरांतच आहे, माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. त्या चक्क हसत होत्या.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

मावशीने बाहीने डोळे पुसले आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांना विचारलं, "किती फेस लागेल तुम्हाला?"