ताईचं आजारपण

“दुसऱ्या पाहुण्या मागून येताहेत का, मॅडम?” काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं.

“दुसऱ्या?” धाकटीनं मागे वळून पाहिलं.

“खोली दोघांसाठी आहे ना, म्हणून म्हटलं.”

“बहीण येणार होती माझी. पण आजारी पडली बिचारी. उठवतसुद्धा नाही तिला.”

मुलगी “अरेरे” म्हणाली, अगदी मनापासून. आणि ताई? ताई त्या वेळी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला ठणठणीत बसून कुणाच्या तरी खिडक्यांचे पडदे शिवत होती. काल संध्याकाळी धाकटीनं तिला आपल्या गावात आजारी पाडलं, आज दुपारी इथे पाडलं. चोवीस तासांत दोन गावांत अंथरूण धरणारी बाई जगात दुसरी नसेल.

धाकटी म्हणजे नावालाच धाकटी. पंचेचाळिशी उलटली होती, केसांत चांदी आली होती. पण ताईच्या मागे जन्मली ती कायमची धाकटीच राहिली. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसायची. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या नळाला हवा, कुणाच्या नळातून बेडूक. दिवसभर लोक यायचे आणि तिच्या कानात ओतून जायचे. घरी दोन खोल्या आणि पाच माणसं. न्हाणीघरात जाऊन कडी लावली की तिसऱ्या तांब्याला कुणीतरी दार वाजवणार. रात्री एका बाजूला नवऱ्याचं घोरणं, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचे गुडघे. जन्मात कधी एका खोलीत एकटी झोपली नव्हती ती.

तर झालं काय, की घरात कपडे धुवायचं मशीन घेतलं आणि दुकानाच्या सोडतीत तिचा नंबर लागला. मोठ्या शहरातल्या त्या झगमगीत हॉटेलात एक रात्र, दोघांसाठी. फोन आला तो ऑफिसात. घरी सांगते सांगते म्हणत संध्याकाळ झाली, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

“अहो, ताईला ताप आलाय. एकटी आहे ती. मी जाऊन येते.”

लोणकढी थाप! पण घर बघा कसं वागलं. जो नवरा पाण्याचा पेला जागचा हलवत नाही, तो पहाटे उठला, चहा केला आणि गाडीपर्यंत पिशवी उचलून घेऊन आला. सासूबाईंनी तर कमालच केली. एरवी सुनेला शब्दानं सोलून काढणारी बाई, पण गुडघ्यावरची आपली गरम पाण्याची रबरी पिशवी काढली, पुसली आणि तिच्या हातात दिली.

“तापात पाय गार पडतात,” म्हणाल्या. “तिच्या पायाशी ठेव.”

“अहो, पण तुमचे गुडघे?”

“ते कुठे पळून जातायत!”

ती पिशवी घेऊनच धाकटी हॉटेलच्या खोलीत शिरली.

खोली कसली, मैदान होतं. या भिंतीशी शिंकावं तर त्या भिंतीशी पोचेपर्यंत सर्दी बरी व्हावी. गादी अशी की बसली तर खोल खोल जातच राहिली. वाटलं, आता खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या मांडीवरच उतरणार. न्हाणीघरात तिच्या स्वयंपाकघराएवढा टब. तिनं दार लावलं, कडी लावली, गळ्यापर्यंत पाण्यात बसली. कुणी दार वाजवलं नाही. कितीतरी वेळ वाजवलं नाही. शेवटी तीच सवयीनं ओरडली, “आले हं, झालंच!” आणि आपल्याच आवाजाला दचकली.

बाहेर आली तर खोलीत बर्फ पडायचा बाकी होता. ते थंड हवेचं यंत्र कुठे बंद होतं देव जाणे. टेबलावरच्या कार्डावर लिहिलं होतं, काही तक्रार असल्यास नऊ दाबा. जिनं जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या तिला स्वतःची एक सांगता येईना. तिकडे बसलेल्या पोरीला बिचारीला काय त्रास द्यायचा? तिनं किटलीत पाणी तापवलं, सासूबाईंची पिशवी भरली, पायाशी घेतली आणि पांघरुणात शिरली. पाय ऊबदार झाले. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिला पिशवीची ऊब खवखवायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

“काय गं ए,” ताई म्हणाली, “मी कशी आहे?”

धाकटी पांघरुणात आणखी खोल शिरली.

“सासूबाईंचा फोन आला होता तुझ्या. म्हणाल्या, उठून बसलीस का? मी शिलाई मशीनवर बसलेली. म्हटलं, हो, आत्ताच बसवलं.”

“कुणी?”

“तू! तू मला उशी लावून बसवलंस आणि सूप करायला आत गेलीस, म्हणून फोनवर येऊ शकली नाहीस. आता मला आजार काय झालाय तेवढं सांग. मी आपली खोकत बसलेय.”

“ताप.”

“नुसता ताप? म्हणजे खोकला फुकट गेला की!” ताईनं आवाज खाली आणला. “कुठे आहेस? खरं सांग. कुणाबरोबर असशील तर ओरडणार नाही मी. म्हणजे ओरडेन, पण नंतर.”

मग धाकटीनं सगळं सांगितलं. मशीन, सोडत, टब, सगळं.

“एकटीच आहेस? मग लपवायचं काय त्यात?”

“तेच हवं होतं गं ताई. एक दिवस. दार लावून एकटं बसायचं होतं. कुणी अगं म्हणायला नको.”

 मग ताई हसली.

“त्याला हॉटेल कशाला हवं, वेडे? माझ्याकडे यायचंस. माझ्याकडे तेच तर पडलंय ढीगभर.”

धाकटीला हसता येईना. मेहुणे गेले तेव्हा ती ताईकडे आली होती, ते शेवटचं. भाचा लांब नोकरीला. येते येते म्हणत दोन वर्षं उलटली, आणि आली ती याच शहरात, पण हॉटेलात.

“किती जणांचं होतं गं बक्षीस?” ताईनं सहज विचारलं.

इतक्या थापा मारल्या, त्यात आणखी एक खपली असती. पण जीभच वळेना.

“दोघांचं.”

“बरं,” ताई म्हणाली. “सूपात मीठ कमी घाल.” आणि फोन ठेवला.

पांघरूण फेकून धाकटी उठून बसली. लगेच फोन लावला. “ताई, सकाळी नाश्त्याला ये. दोघांचा आहे तोही.”

“मी आजारी आहे ना?”

“ताई, ये ना गं.”

“बघते. ताप उतरला तर.”

सकाळी ताई आली. दोन बस बदलून, ठेवणीतले कपडे घालून, कडक इस्त्री करून. दारातल्या गणवेशातल्या माणसानं वाकून नमस्कार केला तर तिनंही त्याला वाकून केला, आणि मग दोघांचं कोण आधी सरळ होतं अशी पंचाईत झाली.

नाश्त्याचं टेबल या गावातून त्या गावात जाईल एवढं लांब. ताईनं चालता चालता पडद्यांना हात लावून पाहिला. “शिवण चांगलीय,” म्हणाली. कोपऱ्यातल्या टेबलाशी दोघी शेजारी शेजारी बसल्या. ताईनं ताटलीत डोंगर रचला.

“आजारी माणसानं एवढं खाऊ नये,” धाकटी म्हणाली. विनोद करायला गेली, पण तो तिलाच पचेना. “ताई, चुकलं माझं. आज घरी गेले की खरं सांगून टाकते सगळ्यांना.”

“खबरदार!” ताईनं काटा रोखला. “अगं, कालपासून किती फोन आले मला माहितेय? तुझ्या नवऱ्याचा आला. पोरीचा आला. म्हणाली, मावशी, मी येऊ का राहायला? सासूबाईंचे तर तीन आले. तिसऱ्यांदा काय विचारलं माहितेय? एरवी रात्री एकटीला भीती वाटते का गं तुला?” ताईनं पावाला लोणी लावलं, ते लावून झालं तरी सुरी फिरवत राहिली. “हे मला कुणी विचारलंच नव्हतं.”

धाकटीनं तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

“मला लगेच बरी करू नकोस गं,” ताई म्हणाली. “राहू दे चार दिवस आजारी.”

एवढ्यात ताईचा फोन वाजला. “सासूबाई!” ताईनं तोंडातला घास घाईघाईनं गिळला. फोन कानाला लावला आणि आवाज निजलेल्या माणसासारखा यावा म्हणून डोकं सरळ टेबलावर टेकलं. पांढऱ्याशुभ्र कापडावर गाल, डोळे मिटलेले.

“हं... मावशी... हो, झोप लागली थोडी... नाही, आता तसा नाही ताप...” आवाज असा बारीक की ऐकणाऱ्याला गलबलून यावं. मग ती नुसतीच ऐकत राहिली. सासूबाई पलीकडून खूप काही सांगत असाव्यात. ताईचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. “हो... हो ना... आहे की धाकटी. इथेच आहे शेजारी. पाय चेपतेय माझे.”

टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत लोंबत होतं. धाकटी खुर्चीवरून उतरली, वाकली आणि कापडाखाली शिरली. आत अंधारात ताईचे पाय होते, चालून चालून सुजलेले. तिनं एक चप्पल काढली, पाऊल मांडीवर घेतलं आणि चेपायला लागली.

वेटरला वाटलं, बाईंचा चमचा पडला. त्यानं आवाज न करता दुसरा आणून ठेवला.